डोळे उघडे, तोंड बंद

मालवणात पावसाळ्यात चष्मा लावणं म्हणजे नाकावर गळकी खिडकी घेऊन फिरणं. इथला पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो. बंदरावर जरा रेंगाळलं की काचांवर खारं पाणी बसतं. पुसावं तर शर्टही ओला, आणि पुसल्यावर काच आधीपेक्षा धुरकट. लेन्स लावून पाहिल्या, पण वारा आणि वाळू यांचं त्यांच्याशी पटेना. यंदाचा पाऊस सरल्यावर मी लेसरने नंबर घालवायचं ठरवलं.

घरात पहिला आक्षेप आजीचा. तिचा मोतीबिंदू काढलेला, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिला धीर यावा म्हणून मी इतिहास सांगितला: १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा एक्सायमर नावाचा लेसर सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर मारून पाहिला, आणि आजूबाजूला न करपता स्वच्छ चर पडली.

"टर्की म्हंजे काय?"

"मोठी कोंबडीच."

"मेल्या, कोंबडीचा मशीन तू डोळ्याक लावून घेतंस?"

तरी कोल्हापूर गाठलं. वर्षभरात नंबर हललेला नाही ना, हे आधी पाहिलं. मग कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली. ती सगळी मिळून साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि नंबर घालवायचा म्हणजे त्यातलीच थोडी तासायची, त्यामुळे पातळ असेल तर परत पाठवतात. माझी भरपूर निघाली. जाडीबद्दल कुणी कौतुक करण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

प्रत्यक्ष ऑपरेशन काही मिनिटांचं. बधिर करणारे थेंब, पापणी मिटू नये म्हणून चिमटा, मग डोळ्यावर एक कडं दाबलं आणि क्षणभर सगळा काळोख. कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलून बाजूला केला. "लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहा," डॉक्टर म्हणाले. टकटक आवाज आणि केस जळल्याचा वास. पापुद्रा परत जागेवर, टाका एकही नाही. संध्याकाळभर डोळे चुरचुरले, घळाघळा वाहिले. दुसऱ्या दिवशी तपासणी करून फोंडा घाट उतरताना समोरून येणाऱ्या एसटीची पाटी मी लांबूनच वाचली आणि गाडीत सगळ्यांना मोठ्याने सांगितली. पुढच्याही पाट्या सांगितल्या. शेवटी ड्रायव्हरने गाणी लावली.

खरं ऑपरेशन घरी सुरू झालं. डॉक्टरांचं पथ्य साधं होतं: डोळे चोळायचे नाहीत, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, समुद्रात उतरायचं नाही, झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या चिकटवायच्या. आजीने त्यात एक कलम घातलं.

"मासो खाल्लंस तर डोळ्यात पू होतलो."

आणि तेही कधी? बांगडा धो धो येत असताना! दुपारी तिरफळं घातलेल्या कढीचा वास घरभर. मी गॉगल लावून ओटीवर, पुढ्यात मुगाची खिचडी. डोळ्यात घालायच्या औषधाच्या दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची असतात. ती घड्याळ लावून मोजणारी आजी स्वतः मात्र काटे चोखत बसलेली. न राहवून मी डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. "मासे? बिनधास्त खा," ते म्हणाले.

आजी शांतपणे म्हणाली, "तो घाटावरचो. तेका माशातला काय कळता?"

यावर वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. बघायला येणाऱ्यांचीही रीघ. प्रत्येकाने दाराबाहेरून बोटं दाखवून "किती?" विचारायचं, आणि जाताना ऑपरेशनला लागले किती तेही विचारायचं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हटलं तर शेजारच्या काकूंनी हात जोडले. सुरुवातीला असं दिसतं, डॉक्टरांनी सांगितलंय, हे कोण ऐकतो?

पुढची तपासणी नीट झाली आणि आजीने बंदी उठवली. भरल्या ताटावर बसलो आणि सवयीने वर बघितलं. वाशांमधली जळमटं, एकेक धागा मोजता येईल इतकी लख्ख. माझ्या तोंडून निघून गेलं, "बापरे, केवढी जळमटं!"

आई कढीची पळी हातात घेऊनच आली. "दिसतत मा आता? मग जेवान झाला की काड."

मी मोठ्या आशेने आजीकडे वळलो. "आजी, धूळ पथ्यात येता मा?"

आजीने बांगड्यावरची नजरही काढली नाही.

"गॉगल लाव आनी काड."