‘चांगला शिक्षक साठ मुलंही शिकवतो’: पहिली-दुसरीच्या वर्गांबाबत हे का खरं नाही

शाळांबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. त्याचा गोषवारा असा: मुलांचं शिकणं शिक्षकावर अवलंबून असतं, वर्गात किती मुलं बसतात यावर नाही. पूर्वी एकेका वर्गात साठ मुलं असायची, तरी सगळे शिकले. जपानसारखे देश मोठे वर्ग ठेवून पुढे आहेत. पटसंख्येचा परिणाम नगण्य असतो हे संशोधनाने सिद्ध केलंय. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण बहुतेक ठिकाणी ठीकच आहे. फार गर्दी झालीच तर एक मदतनीस द्या. वर्गाच्या आकारावर कायद्याने मर्यादा घालणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

नववी-दहावीबद्दल किंवा कॉलेजबद्दल यातल्या काही मुद्द्यांवर वाद होऊ शकेल. पण हा मजकूर बालवाडी, पहिली आणि दुसरीलाही तेच माप लावतो. ज्या वयात मूल अक्षर ओळखायला आणि तोंड उघडून बोलायला शिकतं, त्या वयाबद्दल इतक्या सहज असं विधान फिरावं याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते आहे.

‘संशोधनाने परिणाम नगण्य ठरवलाय.’

लहान मुलांच्या बाबतीत या प्रश्नावरचा सर्वांत भक्कम प्रयोग नेमकं उलट सांगतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ‘स्टार’ नावाचा प्रयोग झाला. ७९ शाळा, चार वर्षांत मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास मुलं, आणि इयत्ता बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या. वर्ग तीन प्रकारचे होते: १३ ते १७ मुलांचे छोटे, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे, आणि २२ ते २५ मुलांचेच, पण शिक्षकाच्या जोडीला पूर्णवेळ मदतनीस असलेले. कोणतं मूल कोणत्या वर्गात जाणार आणि कोणत्या शिक्षकाला कोणता वर्ग मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. म्हणजे हुशार मुलं किंवा निवडक शिक्षक छोट्या वर्गात घातले, असा आक्षेप इथे टिकत नाही.

छोट्या वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. गरीब घरांतल्या आणि कृष्णवर्णीय मुलांना हा फायदा जास्त झाला. पुढे हीच मुलं मोठी झाल्यावर त्यांचा माग घेतला, तेव्हा छोट्या वर्गात बसलेल्यांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाणही थोडं जास्त निघालं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण बालपणीच्या वर्गातल्या एका बदलाची खूण इतक्या वर्षांनी दिसावी याला मी नगण्य म्हणणार नाही.

‘नगण्य’ हा शब्द येतो तो बऱ्याचदा सगळ्या इयत्ता आणि सगळ्या प्रकारचे अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीतून. त्या सरासरीत सहा वर्षांचं मूल आणि सोळा वर्षांचं मूल शेजारी शेजारी बसलेलं असतं.

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो सांगायलाच हवा. इस्रायलमध्ये वर्गाची मर्यादा ४० होती. ४१वं मूल आलं की वर्गाची फोड व्हायची. या नियमाच्या आधारे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छोट्या वर्गांचा फायदा दिसला होता, विशेषतः पाचवीत. त्याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह नवी आकडेवारी घेऊन २०१९ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा तो फायदा दिसला नाही. यातून मी एवढंच घेते की चौथी-पाचवीत चाळिसाचे तीस केले म्हणून आपोआप काही घडेलच असं नाही. टेनेसीत मुलं लहान होती आणि वर्ग खरोखर छोटे होते. पंचेचाळीसवरून चाळीसवर आणून ‘पट कमी केला’ असं जाहीर करणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा.

‘चांगला शिक्षक कितीही मुलं सांभाळतो.’

सांभाळतो, हे खरं. शिकवण्याबद्दल मात्र थोडा हिशेब करू. वाचायला शिकणाऱ्या मुलाचं वाचन शिक्षकाने स्वतः ऐकावं लागतं. ते कुठे अडखळतं, अक्षर पाहून वाचतं की चित्र पाहून अंदाज करतं, ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत करतं का, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. एका मुलाला तीन मिनिटं धरली तर १८ मुलांना ५४ मिनिटं लागतात, म्हणजे दोन दिवसांत थोडा थोडा वेळ काढून सगळ्यांचं ऐकून होतं. ४५ मुलांना सव्वादोन तास लागतात, आणि तोवर उरलेली ४४ मुलं काय करणार हा प्रश्न राहतोच. मोठी मुलं पुस्तकातली सूचना वाचून पुढचं काम करू शकतात. पहिलीच्या मुलाला सूचना वाचता येत नाही, कारण तेच तर ते शिकायला आलंय.

मग मोठ्या वर्गात शिक्षक काय करतो? सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतो. दुसरा इलाजच नसतो. या समूहघोषात कच्चं मूल बेमालूम लपतं: शेजारच्याकडे बघून ओठ हलवतं आणि बाई पुढच्या पाठाकडे वळतात. तिसरीत कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की याला वाचताच येत नाही. पेन्सिल चुकीची धरणं, अंक उलटे काढणं, मोजताना एक वस्तू दोनदा मोजणं, या चुका पहिल्याच आठवड्यात दिसल्या तर सुटतात. दोन वर्षं मुरल्या की मुलाला आणि शिक्षकाला दोघांना घाम फोडतात.

शिक्षक चांगला असणं फार महत्त्वाचं आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्याचं चांगलेपण मुलापर्यंत पोचतं ते त्याने मुलाकडे दिलेल्या लक्षातून. चांगल्या शिक्षकाचाही तास सर्वांइतकाच लांब असतो.

‘पूर्वी साठ मुलं असायची, तरी सगळे शिकले.’

सगळे शिकले नाहीत. जे पहिली-दुसरीतच मागे पडले आणि शाळा सोडून गेले, ते आज हा मजकूर लिहायला बसलेले नाहीत.

‘जपानचे वर्ग मोठे आहेत.’

या तुलनेसाठी सहसा ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल दाखवले जातात. ती चाचणी १५ वर्षांच्या मुलांची असते. तिच्यावरून बालवर्गाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. आणि खुद्द जपानने काय केलं ते पाहा. तिथे प्राथमिक शाळेची मर्यादा ४० होती. २०११ मध्ये ती पहिलीसाठी ३५ केली. २०२१ मध्ये कायदा बदलून प्राथमिकच्या सर्व इयत्तांसाठी टप्प्याटप्प्याने ३५ करायचं ठरवलं. ज्या देशाचा दाखला मोठ्या वर्गांसाठी दिला जातो, तो वर्ग छोटे करत गेला आणि त्याने सुरुवात पहिलीपासून केली.

‘गर्दी झाली तर मदतनीस द्या.’

हा मुद्दा जरा सावकाश पाहायला हवा, कारण यात अर्धं सत्य आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात दुसरी मोठी व्यक्ती लागतेच. एक मूल रडतंय, एकाला शौचाला न्यायचंय, एकाला ताप आहे, अशा वेळी एकटा माणूस बाकीच्यांना सोडून कुठे जाणार? म्हणून इंग्लंडमध्ये सरकारी शाळांच्या नर्सरी वर्गांत १३ मुलांमागे एक मोठी व्यक्ती असा नियम आहे आणि त्यांपैकी किमान एक जण प्रशिक्षित शिक्षक असावा लागतो. तिथली मदतनीस ही गरज आहे, चैन नव्हे.

पण मदतनीस आहे म्हणून वर्गात आणखी मुलं बसवणं ही वेगळी गोष्ट झाली. टेनेसीच्या प्रयोगात मदतनीस दिलेले मोठे वर्ग आणि न दिलेले मोठे वर्ग यांच्यात फारसा फरक पडला नव्हता. इंग्लंडमध्ये २००३ ते २००८ दरम्यान झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर ज्यांना मदतनिसांची साथ जास्त मिळाली, त्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी दिसली. दोष मदतनिसांचा नव्हता. त्यांना प्रशिक्षण तुटपुंजं होतं, शिक्षकाबरोबर बसून तयारी करायला वेळ नव्हता, आणि सर्वांत कच्ची मुलं त्यांच्याकडे सोपवल्यामुळे त्या मुलांना शिक्षकाचा वेळच मिळेनासा झाला. नीट शिकवलेली मदतनीस ठरलेल्या पद्धतीने तीन-चार मुलांचा वाचनगट घेते, तेव्हा फायदा दिसतो. म्हणजे तिलाही प्रशिक्षण आणि योग्य पगार हवा. स्वस्तातला पर्याय म्हणून तिच्याकडे पाहणं तिच्यावरही अन्याय आहे.

‘प्रमाण तर ठीकच आहे.’

प्रमाण आणि वर्ग यांत गल्लत होते, ती इथे. समजा शाळेत १२० मुलं आणि चार शिक्षक आहेत. प्रमाण एकास तीस. पण वर्ग ५५, ४०, १५ आणि १० मुलांचे असतील, तर १२० पैकी ९५ मुलं चाळीस किंवा त्याहून मोठ्या वर्गात बसतात. एकेका मुलाला ‘तुझ्या वर्गात किती जण?’ असं विचारून सरासरी काढली तर उत्तर ४१ येतं. कागदावर तीस, मुलाच्या अनुभवात एक्केचाळीस. त्यात मुख्याध्यापक, रजेवरचे, दुसऱ्या कामावर पाठवलेले असे सगळे शिक्षक संख्येत धरले की कागद आणखी सुंदर दिसतो. भारताच्या शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्या शाळेच्या एकूण पटावरून ठरते: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. प्रमाण तीसचं, पण पाच इयत्ता दोघांच्या गळ्यात.

म्हणून मर्यादा वर्गाला लावावी लागते. इंग्लंडमध्ये १९९८च्या कायद्याने पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी एका शिक्षकामागे ३० ही मर्यादा घातली. स्कॉटलंडमध्ये पहिल्या इयत्तेला ती २५ आहे.

‘पैसा वाया जातो.’

घाई केली तर जातो. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग तिसाच्या आसपासवरून वीसवर आणायचं ठरवलं. पण तितके प्रशिक्षित शिक्षक तयार नव्हते. अपुऱ्या पात्रतेच्या अनेकांची भरती झाली, खोल्या कमी पडल्या, आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांतले अनुभवी शिक्षक नव्या जागांवर निघून गेले. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांच्या वाट्याला नवखे शिक्षक आले. यावरून मर्यादा नको असं ठरत नाही. आधी शिक्षक घडवा, खोल्या बांधा, बालवर्ग आणि पहिलीपासून सुरुवात करा, सर्वांत गरीब वस्तीतल्या शाळा आधी घ्या आणि मग वर चढा, असा क्रम त्यातून मिळतो. शिवाय शिक्षक रजेवर गेल्यावर दोन वर्ग एका खोलीत कोंबायचे नाहीत, त्यासाठी बदली शिक्षक असेल, हेही नियमात लिहिलेलं हवं. तेवढं होईपर्यंत प्रत्येक शाळेने बालवर्ग ते दुसरीच्या प्रत्येक वर्गात आज किती मुलं आणि किती शिक्षक आहेत, हे सरासरी न काढता फलकावर लावावं. त्याला काही खर्च येत नाही.