किडलेल्या दुधाच्या दाढा आणि एक लबाड फॉरवर्ड

पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: दुधाचे दात पडणारच, त्यांवर पैसे घालवू नका. दात भरा की भरू नका, फरक पडत नाही, हे ब्रिटनमधल्या मोठ्या संशोधनानं सिद्ध झालंय. कीड न काढता वरून स्टीलची टोपी बसवणारे डॉक्टर तुम्हाला फसवतात. चांदीचं औषध लावून मुलांचे दात काळे करतात. फ्लोराइड हे विष आहे. खरा इलाज घरातच आहे: तेलाच्या गुळण्या, लवंग आणि धुरी. वर्षातून दोनदा तपासणी हा धंदा. आणि शेवटी नेहमीची ओळ, ‘डेंटिस्ट तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.’

ही शेवटची ओळ तर सर्वांत खोटी. ब्रिटनमधलं ते संशोधन डेंटिस्टांनीच केलं, डेंटिस्टांच्याच दवाखान्यांत केलं आणि निकाल उघडपणे छापले. मजकूर सगळाच थापांचा असता तर दुर्लक्ष करून चाललं असतं. पण त्यात खऱ्या अभ्यासांचे तुकडे पेरलेत, म्हणून एकेक मुद्दा घ्यावा लागतो.

‘दुधाचे दात पडणारच.’ पडतात, पण कधी? सहाव्या-सातव्या वर्षी पडतात ते पुढचे दात. दुधाची दुसरी दाढ साधारण अडीच वर्षांच्या आसपास येते आणि दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन मुलाला अजून सहा-आठ वर्षं जेवायचंय, झोपायचंय, शाळेत बसायचंय. या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पातळ असतं आणि आतली नस मोठी व पृष्ठभागाच्या जवळ, त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत पोचते. मुळांखाली कायमच्या दाताचा कोंब असतो, तिथवर पू झाला तर त्यालाही इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा खाते. ही मागची दाढ म्हणजे सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून कित्येक घरांत तिलाही दुधाचीच समजतात आणि किडू देतात.

आता ब्रिटनमधलं संशोधन. त्याचं नाव ‘फिक्शन’. नाव विनोदी असलं तरी काम चोख आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ७२ दवाखान्यांत ३ ते ७ वर्षांच्या १,१४४ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत विभागलं. पहिल्या गटात नेहमीची पद्धत: गरजेप्रमाणे भूल देऊन कीड काढायची आणि दात भरायचा. दुसऱ्यात कीड आतच सीलबंद करायची. तिसऱ्यात फक्त प्रतिबंधक उपाय. जवळजवळ तीन वर्षं पाठपुरावा झाला. त्या काळात दुखणं किंवा पू झालेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक ठोस नव्हता. फॉरवर्ड इथवर बरोबर आहे.

पुढचं मात्र त्यानं गाळलं. ‘काहीच करू नका’ असा गट या अभ्यासात नव्हताच. तिन्ही गटांना प्रतिबंधक उपाय मिळत होते: ब्रश कसा करायचा याचं शिक्षण, गोडाबद्दल सल्ला, दातांवर फ्लोराइडचं वार्निश, कायमच्या दाढांच्या खाचा बुजवणारा सीलंटचा लेप. शिवाय अभ्यासात घेताना मुलाला दुखणं किंवा पू नसावा, अशी अट होती. गालावर सूज घेऊन आलेल्या मुलाला हे आकडे लागू होत नाहीत. आणि शंभरातल्या पंचेचाळीस मुलांना त्रास झाला, हा आकडा तरी ‘सोडून द्या’ म्हणण्यासारखा आहे का? मला या अभ्यासातून दिसतं ते वेगळंच. कीड खोलवर गेल्यावर तीनपैकी कुठलीही वाट फारशी सुखाची नाही, म्हणून ती लागायच्या आधीच गाठली पाहिजे. तिसऱ्या गटाची मोठी भिस्त ज्या फ्लोराइडवर होती, त्यालाच हा मजकूर चार ओळींनंतर विष म्हणतो. एकाच मजकुरात दोन्ही कसं चालेल?

टोपीच्या मुद्द्यावर मात्र पालकांचा राग मला कळतो. डॉक्टरांनी दात कोरलाच नाही, कीड तशीच ठेवून वर स्टीलची कॅप दाबून बसवली आणि बिल हातात दिलं, तर कोणालाही शंका येईल. पण ही पळवाट नाही, हिला नाव आहे: हॉल पद्धत. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल १९८०च्या दशकापासून मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर सुई न देता, न कोरता, तयार मापाच्या टोप्या सिमेंटनं बसवत होत्या. पाठ्यपुस्तकांच्या हिशेबात हे चुकीचंच होतं. त्यांच्या नोंदी तपासल्यावर निकाल चांगले दिसले, तेव्हा डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी रीतसर चाचणी लावली. १३२ मुलं घेतली. प्रत्येकाच्या तोंडातल्या दोन किडक्या दाढांपैकी एकीवर हॉल टोपी, दुसरीवर त्या डॉक्टरची नेहमीची पद्धत. म्हणजे मूल तेच, ब्रश तोच, खाणं तेच.

पाच वर्षांनी हिशेब झाला. नस सडणं, पू होणं असं मोठं अपयश टोपीच्या दाढांमध्ये ३ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १६.५ टक्के. भरलेलं सिमेंट निघणं, नवी कीड लागणं असं किरकोळ अपयश ५ टक्के विरुद्ध ४२ टक्के.

असं का होतं? किडीतले जंतू साखरेवर जगतात आणि तिच्यापासून आम्ल बनवतात. टोपी घट्ट बसली की साखर पोचत नाही. गडाला वेढा पडून शिधा तुटावा तशी आतल्या जंतूंची गत होते: ते मेले नाहीत तरी हल्ला थांबतो. तेवढ्या अवधीत नस आतल्या बाजूनं नवं डेंटिन (इनॅमलखालचा थर) तयार करून स्वतःचं रक्षण करते. अट एकच, नसेपर्यंत जंतुसंसर्ग पोचलेला नसावा. म्हणून आधी एक्स-रे काढून कीड आणि नस यांच्यामध्ये चांगल्या डेंटिनचा पट्टा उरलाय का, हे बघावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे न बघताच टोपी ठोकली असेल तर जरूर जाब विचारा. टोपीनंतर काही दिवस मूल ‘दाढा टेकत नाहीत’ म्हणून कुरकुरतं, काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो.

मोठ्यांच्या दातांतही ‘सगळी कीड खरवडून काढा’ हा जुना नियम आता टिकत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कीड आत ठेवून वरून नीट सीलबंद केलेल्या भरणांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा आतली कीड पुढे सरकली नव्हती. ब्राझीलमध्ये खोल किडलेल्या कायमच्या दाढांवर दोन पद्धतींची तुलना झाली. एकीत नसेजवळची मऊ कीड तशीच ठेवून एकाच बैठकीत दात भरला, दुसरीत काही महिन्यांनी पुन्हा उघडून उरलेली कीड काढायची होती. तीन वर्षांनी नस जिवंत राहिलेल्या दातांचं प्रमाण ९१ आणि ६९ टक्के. दुसऱ्या पद्धतीच्या अपयशामागचं मोठं कारण फार मानवी आहे: बरेच रुग्ण दुसऱ्या बैठकीला आलेच नाहीत. आपल्याकडे वेगळं काय होईल?

चांदीच्या औषधाचं नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. जपानमध्ये त्याला १९७० साली मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. ३८ टक्के द्रावणाचा थेंब किडलेल्या जागी लावायचा, ड्रिल नाही, सुई नाही. चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड मऊ झालेला भाग कडक करतं. दक्षिण चीनमध्ये बालवाडीतल्या ३७५ मुलांच्या पुढच्या दातांवर अडीच वर्षं चाचणी झाली. त्यात वर्षातून एकदा हे औषध लावलेल्या मुलांमध्ये थांबलेल्या किडीच्या जागा साध्या पाण्याच्या गटापेक्षा जवळजवळ दुप्पट होत्या, आणि आधी कीड कोरून घेतली की नाही यानं फरक पडला नाही.

दात काळा होतो, हे खरं आहे. किडलेला भाग कायमचा काळा होतो, चांगलं इनॅमल काळं पडत नाही. हे लावण्याआधी पालकांना सांगायलाच हवं. न सांगता लावलं तर चूक डॉक्टरची. औषधानं खड्डा भरत नाही आणि ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं, हेही सांगायला हवं. पण खुर्चीत दोन मिनिटं न बसणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण भूल द्यायची, की एक काळा डाग स्वीकारायचा, असा प्रश्न आला तर मी डाग निवडेन.

फ्लोराइड विष आहे का? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं दात डागाळतात, हाडं वाकतात. तिथल्या माणसाला ‘फ्लोराइड चांगलं’ असं सरसकट सांगणं हा उद्धटपणा होईल. पाण्यातून फ्लोराइड काढायची नळगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केली ती उगाच नाही. पण मात्रा बघा. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. भारतात टूथपेस्टमध्ये दशलक्षात १,००० भाग ही कमाल मर्यादा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट दिली तर त्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड जातं, आणि तेही सगळं पोटात जात नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, नंतर थुंकायला लावायचं. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दाखवतात, ती विसरा.

फायद्याचा पुरावा म्हणाल तर फ्लोराइडयुक्त पेस्टवरच्या ७० चाचण्या, ४२,००० हून अधिक मुलं, आणि कायमच्या दातांतली नवी कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी. दातांच्या बाबतीत इतका भक्कम पुरावा दुसऱ्या फार थोड्या गोष्टींना आहे. दुकानात कार्टूनवाल्या ट्यूबवर ‘फ्लोराइड-मुक्त’ असं अभिमानानं छापलेलं असतं, ते वाचून मला वाईट वाटतं.

घरगुती इलाजांचं पटकन सांगतो. तिळाच्या तेलाच्या गुळण्यांवर चेन्नईत चाचणी झाली होती, २० किशोरवयीन मुलांवर, दोन आठवडे, आणि मोजले होते ते जंतू. जंतू कमी झाले. पण खड्डे कमी होतात का, हे दोन आठवड्यांत कळत नाही. गुळण्या करायच्या तर करा, ब्रशच्या जागी नको. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दात बधिर करतं, म्हणून ठणका कमी वाटतो. कीड जिथल्या तिथे असते.

राहिली धुरी. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घ्यायचा आणि मग पाण्यात पडलेले पांढरे ‘किडे’ दाखवायचे, हा खेळ जुना आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांनी तोच चालायचा. उष्णतेनं बी फुटून आतला पांढरा अंकुर बाहेर येतो, तोच किडा म्हणून खपवला जायचा. रिंगणीही त्याच कुळातली. फ्रान्समध्ये दंतवैद्य प्येर फोशार यांनी सूक्ष्मदर्शकातून शोधूनही त्यांना दातात किडा सापडला नाही, आणि तसं त्यांनी १७२८ मध्ये लिहून ठेवलं.

एका मुद्द्यावर फॉरवर्ड बराचसा बरोबर आहे: दर सहा महिन्यांनी तपासणीची सक्ती. ब्रिटनमध्ये २,३७२ प्रौढांवर चार वर्षं अभ्यास झाला. सहा महिन्यांनी बोलावलं काय किंवा धोका बघून अंतर ठरवलं काय, दातांच्या तब्येतीत फरक दिसला नाही; कमी धोक्याच्या लोकांना दोन वर्षांनी बोलावलं तरीही नाही. पण ही नियमित दवाखान्यात जाणारी मोठी माणसं होती. रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचा हिशेब वेगळा, त्याला दोन वर्षं थांबवणं परवडणार नाही.

रात्री झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुळी, गालावर सूज, हलायला लागलेली दाढ, यांपैकी काही दिसलं तर टोपी आणि चांदीचं औषध दोन्ही बाद. अशा दाढेची नस साफ करावी लागते किंवा ती काढावी लागते. सुजेबरोबर ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी जा.