वारणाकाठच्या काकांना, फ्लायमधल्या प्लास्टिकबद्दल

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बेंदराला बैलाच्या शिंगांना बांधतात त्या गोंड्यांच्या कृत्रिम, म्हणजे प्लास्टिकच्याच, लोकरीपासून फ्लाय, म्हणजे गळावर बांधायची खोटी माशी, कशी करायची हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: प्लास्टिक तरंगतं, त्यामुळे मासा खोल असला की अशी फ्लाय फुकट, खरी फ्लाय पिसांचीच, आणि 2019 च्या महापुरानंतर हरिपूरच्या बाभळींना लोंबलेल्या पिशव्या बघूनही मी पोरांना नदीत प्लास्टिक न्यायला शिकवतोय.

तरंगण्याचं आधी घेतो, कारण ते मला पटलेलं नाही. सिंथेटिक ही काही एकच वस्तू नाही. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रॉपिलीन 0.9 च्या आसपास येतं, नायलॉन 1.14 आणि पॉलिएस्टर 1.38. खताच्या पांढऱ्या पोत्याचा एक धागा उसवा, शिवणकामाचा पॉलिएस्टरचा दोरा घ्या आणि दोन्ही पाण्याच्या वाटीत टाका. पाण्याखाली बोटांनी चांगले चोळा मात्र, नाहीतर अडकलेल्या हवेमुळे दोराही वरच राहतो. चोळल्यावर पोत्याचा धागा वर येतो, दोरा तळाला बसतो. गोंड्याची लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. तीही पाण्यापेक्षा जड, पण फुललेली असल्यामुळे सावकाश उतरते. चिलापीसाठी मला हेच हवं असतं. गळाच्या दांड्यावर दोरा गुंडाळायचा, लोकरीची बोटाच्या पेराएवढी बट बसवायची, चार वेढे घट्ट द्यायचे आणि जुन्या टूथब्रशने पिंजायची. ओली झाली की ती माशाच्या पिल्लासारखी निमुळती दिसते. मरळीसाठी बेडूक करायचा तर फोमच घ्यावा. त्याच्या बंद कप्प्यांत हवा असते, कितीदा फेकला तरी तो पाणी पीत नाही.

पिसांचं म्हणाल तर अर्धं मान्य. कोंबडीच्या छातीचं मऊ पीस संथ पाण्यात जसं श्वास घेतल्यासारखं हलतं, तसा एकही कृत्रिम धागा मला अजून सापडलेला नाही. पण ‘जुन्या इंग्रजी फ्लायसारखी रानकोंबड्याची पिसं आणा’ असं जे तुम्ही लिहिलंत, ते मी कधीही करणार नाही. सॅमन माशासाठीच्या त्या इंग्रजी फ्लायच्या गालावर लावलेला मेणचट पिवळसर ठिपका आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचा असायचा, आणि त्यासाठी इथले पक्षी मारून त्यांच्या माना परदेशी गेल्या. हा कोंबडा कोयनेच्या आणि चांदोलीच्या जंगलात आजही पहाटे ओरडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो ठिपका हवाच असेल तर नखावर मावेल एवढा प्लास्टिकचा तुकडा रंगवून काम भागतं, आणि इथे मी प्लास्टिकच्या बाजूने ठाम उभा आहे.

राहिला नदीतला कचरा, तुमचा सगळ्यात खरा मुद्दा. मागच्या हिवाळ्यात संगमावर बसून मी एका फ्लायची चमकी कातरत होतो. वाऱ्याने पाच-सहा काड्या उडाल्या आणि पाण्यावर पडल्या. केसाएवढ्या बारीक, उन्हात चमकत वाहत गेल्या. त्यांच्यासारखाच चमकीचा धागा मी माशाला भुलवायला बांधत होतो, म्हणजे त्या काड्याही मासा खाणारच. ते डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून काठावर कातरणं बंद. घरी पांढऱ्या कापडावर बांधतो, कातरण झाकणाच्या बाटलीत जाते. गुंत्यात अडकलेली फ्लाय पाण्यात उतरून सोडवता येत असेल तर सोडवतो, दोर तोडून मोकळा होत नाही.

हे सगळं मूळ लेखात हवं होतं, नव्हतं. ही माझी चूक. आज लेखात भर घातली आहे, आणि ‘थोडी चमकी भुरभुरा’ ही ओळ काढून टाकली आहे.

तुम्ही गावरान कोंबड्याची पिसं देऊ केलीत, ती नक्की घेईन. मानेची लांब आणि छातीची मऊ अशी वेगवेगळी ठेवा. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि डब्यात कापराची वडी टाका, म्हणजे कसर लागणार नाही. पुढची फ्लाय अंग ॲक्रिलिकचं आणि कॉलर, म्हणजे डोक्यामागचा पिसांचा वेढा, तुमच्या कोंबड्याची अशी बांधतो.