'पोट भरलेल्या माणसालाच सुचतं' म्हणणाऱ्या वाचकास

दिवाळी पाडव्याला मी इथे एक लेख लिहिला होता. दसरा-दिवाळी हे वर्षभर आपल्यासाठी राबलेल्या हातांचे उपकार आठवायचे दिवस, ते आपण खरेदीचे आणि हप्त्यांचे करून टाकले, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर 'एक कोल्हापूरकर' अशा नावानं एक प्रतिक्रिया आली. दसरा चौकातल्या सोहळ्याबद्दल मी चुकीचं लिहिलं, हे पहिलं. लोकांनी खरेदीच केली नाही तर गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या, कारागिरानं काय खायचं, हे दुसरं. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणचाच सण खरा वाटतो, हे तिसरं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "पोट भरलेल्या माणसालाच असली कृतज्ञता सुचते, मॅडम."

चूक झाली ती आधी कबूल करते. दसरा चौकात सूर्यास्ताला पूजन होतं ते शमीचं, आणि सोनं म्हणून लुटतात ती पानं आपट्याची. मी पूजनही आपट्याचं लिहून टाकलं. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभारी आहे. पण एवढ्यासाठी "कोल्हापुरात राहून हेही माहीत नाही" असं लिहायचं काय कारण होतं? चूक दाखवायची एक रीत असते. चारचौघांत शेजाऱ्याच्या पोराला बोलावं तसं तुम्ही मला बोललात. माझं वय छप्पन्न आहे, आणि मी जे लिहिते ते स्वतःच्या नावानं लिहिते.

आता त्या पोटाबद्दल.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. गुळाच्या अडत दुकानात. गुळाचा रवा म्हणजे काय असतो ते तुम्ही खरे कोल्हापूरकर असाल तर ठाऊक असेलच: ३० किलोचा एक. गाडीतून उतरवायचा, सौद्याला मांडायचा, सौदा झाला की पुन्हा गाडीत चढवायचा. दिवसाला असे किती, ते आम्हाला कधी कळलं नाही, कारण ते घरी येऊन बोलायचे नाहीत. अंगाला गुळाचा वास यायचा आणि सदऱ्याच्या उजव्या खांद्याला चिकट काळा डाग असायचा, धुऊन न जाणारा.

आम्ही चार भावंडं. दिवाळीला एकाच ताग्यातलं कापड आणून चौघांना शिवायचे. लाडू मोजून डब्यात ठेवलेले असायचे आणि आईला आकडा पाठ असायचा. आमचं पोट भरलेलं होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?

त्याच घरात पाडव्याच्या पहाटे आई वडिलांना पाटावर बसवून तेल लावायची. त्यांच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता, हाताला चामड्यासारखा लागणारा. तिथं तिचा हात थांबायचा. आधी कोमट तेल, मग अंगठ्यानं हळूहळू गोल मळणं. वडील डोळे मिटून घ्यायचे. मग उटणं, आंघोळ, ओवाळणी, आणि ते लगेच यार्डात निघून जायचे, कारण पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. ओवाळणीत त्यांनी टाकलेला रुपया आई तसाच तबकात दिवसभर ठेवायची.

हे ती कुठून शिकली, तेही सांगते. करवीर तालुक्यातल्या तिच्या माहेरी बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची. जू बसून बसून बैलाचा खांदा सोललेला असतो. आजोबा गरम पाण्यानं शेकायचे आणि हळद-तेल चोळायचे. हात लागला की बैलाची कातडी थरथरायची, मग तो मान खाली घालून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, पुरणाची पोळी आधी त्याला. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही. आजोबांची जमीन दीड एकर, तीही जिरायत. कृतज्ञता सुचायला त्यांना सुबत्तेची वाट बघावी लागली नाही.

आणि ६ मे २०२२ ला तुम्ही शहरात होतात का? राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली, म्हणून सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद उभं राहिलं. मी बिंदू चौकात होते. माझ्या शेजारी एक केळीवाला गाडा सोडून हात जोडून उभा होता, पलीकडे रिक्षावाले रिक्षातून उतरलेले. यांतल्या कुणाचं पोट भरलेलं होतं ते तुम्हीच सांगा. ते वाक्य लिहून तुम्ही मला लागेल असं बोललात, इतपत ठीक, पण या सगळ्या माणसांचाही तुम्ही अपमान केलात आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

सोन्याचा विषय तुम्हीच काढलात, तर त्यामागची गोष्टही आठवून बघा. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, त्या मागायला तो रघुराजाकडे गेला. कुबेरानं त्याहून कितीतरी जास्त पाडल्या. कौत्सानं चौदा कोटी घेतल्या आणि उरलेल्यांना हात लावला नाही. रघुराजानंही त्या परत घेतल्या नाहीत, दिलेलं दान परत कसं घ्यायचं म्हणून. दोघांनीही नको म्हटलं म्हणून ते सोनं लोकांनी लुटलं. त्या गोष्टीची आठवण म्हणून आपण पानं वाटतो, आणि त्याच दिवसाच्या जाहिरातीत 'जास्तीत जास्त घ्या' असं लिहिलेलं असतं. मला याचा त्रास होतो. तो होऊ नये असं तुम्हाला वाटत असेल तर तुमची वाट वेगळी.

गुजरीतल्या कारागिराबद्दल मी लेखात एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही. पणत्या कुंभार गल्लीतून घ्या, असं मात्र लिहिलं होतं. पुन्हा वाचा. पिढ्यांचा मुद्दा नेहमीचाच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

मी खरेदीच्या विरोधात नाही. माझा राग हप्त्यांवर आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४३. माझ्या धाकट्या भावाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्या दिवाळीला त्यानं टीव्ही आणि फ्रिज दोन्ही घेतले, 'शून्य टक्के व्याज' वाचून. फ्रिज लागणारच होता. टीव्ही घेतला तो पोरांची दिवाळी सुनी जाऊ नये म्हणून, आणि ऑफर तीनच दिवस होती म्हणून. प्रक्रिया शुल्क म्हणून आधीच पैसे कापले. फेब्रुवारीत एक हप्ता चुकला, तर वसुलीवाल्यांचे फोन त्याच्या कामाच्या ठिकाणी सुरू झाले. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१३ सालीच बजावलं होतं. पुरात सगळं गेलेल्या माणसाला ते कोण सांगणार? त्याला हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि लेखातही मी त्याच्यासारख्यांना हावरट म्हटलेलं नाही. हाव मी त्या जाहिरातीमागे बसलेल्यांची म्हटली होती. तुम्ही ती गिऱ्हाइकावर ढकललीत आणि मग माझ्याशी भांडलात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव लिहा. शमीचं वाक्य मूळ लेखात आज सकाळीच दुरुस्त केलं आहे.