खुलासा : ‘एका वर्षात बालमृत्यू निम्मे’ हा दावा चुकीचा

‘सर्च संस्थेने एका वर्षात गडचिरोली जिल्ह्यातले बालमृत्यू निम्मे केले’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. सर्च म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतली आरोग्यसंस्था. संस्थेचं काम मोठं आहेच, पण हे वाक्य तीन ठिकाणी चुकतं.

घरोघरी नवजात बाळाची काळजी हा सर्चचा प्रयोग पूर्ण जिल्ह्यात नव्हे, 39 गावांत झाला. तुलनेसाठी 47 गावं वेगळी होती. घट वर्षभरात झाली नाही. सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेला दर काळजी सुरू झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, 1997-98 मध्ये, 25.5 वर आला. आणि हा नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या 28 दिवसांतला. बालमृत्युदरात वर्षाच्या आतले सगळे मृत्यू येतात. दोन्ही मिसळले की आकडा हवा तसा वळवता येतो.

वर्षाला हजारेक जन्म असतील, तर पाच मृत्यू कमीजास्त झाले तरी दर पाचाने हलतो. एका वर्षाच्या आकड्यावर म्हणूनच विसंबू नये.

या प्रयोगातल्या आरोग्यदूत, म्हणजे प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच स्त्रिया, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायच्या. नवजात बाळाच्या घरच्या काळजीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईंकडे ते काम नाही. त्या घरी जन्मलेल्या बाळाला 42 दिवसांत सात भेटी देतात, दवाखान्यात जन्मलेल्याला सहा.