आधी ती सायकल उलटी करा!

जुनी सायकल विकणाऱ्यांच्या जाहिराती बघा: "हातानं बनवलेली, दुर्मिळ जुनी स्टील फ्रेम. खऱ्या दर्दींनीच विचारावं." आणि फोटो? एकच. तोही अंधारात, भिंतीला टेकवून, चेन नसलेल्या बाजूनं. कुणी बनवली ते ओळखा म्हणे! मी काय ज्योतिषी आहे?

फ्रेमवरचा नंबर विचारला तर, "नंबर नाहीये." अहो, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीच्या, बुडाशी पाहिलंत का? नाही ना? मग उलटी करा की! तिथला वाळका चिखल नखानं खरवडला की बहुतेकदा निघतो आकडा. मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे मागचं चाक बसतं त्या दोन खाचांमधलं अंतर मोजा, १२० मिमी की १२६? सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांडीवर, २७.२ (मिमी व्यास) कोरलंय का? पण पट्टी हातात घ्यायची म्हटली की यांचे हात दुखतात.

वर "रेनॉल्ड्स ५३१ आहे!" म्हणून छाती फुगवायची. ५३१ हे नळ्यांचं नाव, बनवणाऱ्याचं नव्हे! १९३५पासून किती कारागिरांनी त्या वापरल्या. गिरणीच्या नावावरून शिंपी ओळखता येतो का?

आणि कहर म्हणजे, विकण्याआधी जुना रंग, स्टिकर सगळं खरवडून चकाचक पावडर कोटिंग. मग निरागसपणे विचारतात, "कुणी बनवली असेल हो?"