भिंत वाजवून बघा

सोसायटीला रंग लागला आणि माझं नेट गेलं. बाहेरच्या भिंतीवर वायरी लोंबता कामा नयेत, असा कमिटीचा ठराव. रंगाऱ्याने परांचीवरूनच माझी लॅन केबल कापली. आता राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि मधे नौपाड्यातली जुनी जाडजूड भिंत.

ठाणे स्टेशनजवळून वायफायचा डोंगल आणला. वस्तू नखाएवढी, सोबत ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ड्रायव्हरची सीडी. माझ्या कॅबिनेटला सीडी घालायला तोंडच नाही. खोक्यावर दुसरा उपाय छापलेला: वेबसाइटवरून डाउनलोड करा. कशाच्या जोरावर? शेवटी मोबाइल केबलने जोडून टेथरिंग केलं, म्हणजे त्याचं नेट कॉम्प्युटरला दिलं, तेव्हा कुठे ड्रायव्हर उतरला.

नेट लागलं, पण रेंजची एकच काडी. तेवढ्यात शेजारचे काका आले. दार उघडं दिसलं की येतातच.

"काका, वायफायच्या पाच गिगाहर्ट्झ पट्ट्याला भिंत झेपत नाही, २.४ चा त्यातल्या त्यात..."

"ते गिगा राहू दे. भिंत कसली आहे?"

काकांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली, कान लावला. "इथे भरीव." दोन पावलं सरकून पुन्हा टकटक. "हां, इथे पोकळ. सिग्नल इथून शिरणार." परत टकटक केली, तर पलीकडूनही टकटक आली. काका हरखले. "बघ, येतोय!"

पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, पानं वाढलीत, किती वेळ?"

"काका, ही तुमच्या घराची भिंत. राउटर त्या बाजूला आहे."

"तरीच!" म्हणाले. जाताना पासवर्ड लिहून नेला. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर म्हणे सगळ्या काड्या येतात.

दोष भिंतीचा एकटीचा नव्हताच. डोंगल कॅबिनेटच्या पत्र्यामागे, शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टात हार्ड डिस्क. या यूएसबीची खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडते. इंटेलने २०१२ मध्येच ते लिहून ठेवलंय. खोक्यावर मात्र त्याबद्दल अवाक्षर नाही. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणला आणि तीन काड्या उभ्या राहिल्या. म्हणजे वायर विकत घ्यावी लागलीच.

रंगाचे पैसे प्रत्येक फ्लॅटकडून वेगळे घेतले. केबलचं विचारलं, तर सेक्रेटरी म्हणतात, "नियम सगळ्यांना सारखा." अध्यक्षांच्या डिशची वायर गच्चीपासून त्यांच्या खिडकीपर्यंत जशीच्या तशी आहे. तिच्यावरून रंग मारलाय, दोन हात.